घर बंद असल्यास पुढचे घर

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मात सगळ्यात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. पुण्याच्या मॅडमनी ट्रेनिंगमध्येच बजावलं होतं, तिथं शक्यतो काही लिहू नका, कॉम्प्युटरला त्याचं काही करता येत नाही. झालं! जे जे कॉम्प्युटरच्या कामाचं नाही ते सगळं तेव्हापासून माझ्याकडे जमा व्हायला लागलं. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाकडे आकडे साठत असतील असं लोकांना वाटतं. आकडे आम्ही पाठवून देतो हो. मागे उरतात ते हे किस्से.

आज सांगत बसलेय त्याला कारण आहे. आज मला एका जागी बसवत नाही. शेवटच्या पाड्याचा डेटा दुपारी पुण्याला गेलाय आणि संध्याकाळपर्यंत मॅडमचा 'मंजूर' किंवा 'नामंजूर' असा मेसेज यायचाय. जामसरच्या बाजूचा तो पाडा. तिथली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि त्यांची पोरं मागे शाळेतल्या हंगामी वसतिगृहात राहतात, तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. हे वसतिगृह पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की नाही, ते आमच्या सर्व्हेवर ठरणार आहे. डेटा नामंजूर झाला तर पाड्यात अशी पोरं नाहीतच असं धरलं जाईल, आणि मग ती पोरंही आईबापांबरोबर भट्टीवर जातील. म्हणून मी जव्हारच्या या भाड्याच्या खोलीत टॅब मांडीवर घेऊन बसलेय, दर दोन मिनिटांनी उघडून बघतेय, आणि कैलासनं बाहेर तीच मोटरसायकल दुसऱ्यांदा धुवायला काढलीय.

कैलास म्हणजे माझा वर्गमित्र आणि आता सर्व्हेतला जोडीदार. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेले आम्ही तिघंच होतो. मी ज्योती, खोडाळ्याच्या गुरुजींची मुलगी. कैलास त्याच जामसरकडच्या पाड्यातला, आईबाप भट्टीवर आणि हा त्याच वसतिगृहात, असा वाढलेला. तिसरा प्रवीण, मोखाड्याच्या कचेरीतल्या क्लार्कचा मुलगा, ज्याला फिजिक्सला जागा मिळाली नाही. आणि आम्हा तिघांना मिळून एक गावित सर.

*

गावित सर तिघांनासुद्धा भरलेल्या हॉलमध्ये शिकवावं तसे शिकवायचे. मधेच थांबून विचारायचे, मागच्या बाकावरच्यांना कळलं का? मागचा बाक नव्हताच.

दुसऱ्या वर्षी प्रवीण नापास झाला. प्रिन्सिपॉलांनी सरांकडे लेखी खुलासा मागितला, की विभागाचा निकाल एका वर्षात तेहेतीस टक्क्यांनी कसा घसरला. सरांनी व्यवस्थित उत्तर लिहिलं. विद्यार्थीसंख्या तीन आहे, त्यामुळे एक नापास झाला तरी टक्केवारी एवढी दिसते, नमुना फारच लहान आहे वगैरे. कागद दुसऱ्या दिवशी परत आला. खाली प्रिन्सिपॉलांनी लिहिलं होतं, "मग मोठा करा."

प्रवीणला लाज वाटेल असं आम्हाला वाटलं होतं. तो कॅन्टीनमध्ये सांगत फिरत होता, "एक तृतीयांश डिपार्टमेंट माझ्या एकट्याच्या हातात आहे."

*

तर नमुना मोठा करायचा म्हणून सरांनी जूनमध्ये ॲडमिशनच्या खिडकीबाहेर टेबल टाकलं. शेजारी फळा. त्यावर संख्याशास्त्र घेतल्यावर काय काय होता येतं त्याची लांबलचक यादी. सांख्यिकी सहाय्यक, विमा कंपनी, बँक, औषध कंपनी, सर्व्हे, डेटा ॲनालिस्ट, इतकंच काय, क्रिकेट टीमबरोबर आकडे घेऊन हिंडणारा माणूससुद्धा. आम्ही तिघं टेबलामागे जिवंत उदाहरणं म्हणून उभे.

मोखाड्याहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बोट ठेवत ठेवत ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग अगदी नम्रपणे विचारलं, "सर, यातलं तुम्ही काय केलंत?"

सर म्हणाले, "मी दर वर्षी ही यादी करतो."

त्या मुलीनं केमिस्ट्री घेतलं. सरांनी खडू उचलला आणि यादीच्या तळाशी बारीक अक्षरात 'शिक्षक' असं लिहिलं.

*

नाही, काही आलं नाही. सिम कंपनीचा मेसेज होता. पुढचं ऐका.

तिसऱ्या वर्षी सरांनी प्रॅक्टिकल म्हणून आम्हाला खोडाळ्याच्या बाजारात पाठवलं. बाजाराच्या तोंडाशी उभं राहायचं, येणारा प्रत्येक पाचवा माणूस थांबवायचा आणि त्यानं आज काय विकायला आणलंय किंवा तो काय विकत घ्यायला आलाय ते लिहायचं. मधल्या चौघांकडे बघायचंसुद्धा नाही. ओळखीचा आला म्हणून थांबवलं की नमुना बिघडला, हे सरांनी दहा वेळा सांगितलं होतं. माझं गाव, माझा बाजार, त्यामुळे मी जरा जास्तच कडक चेहरा करून उभी होते.

आणि आई आली. चौथी. पिशवी घेऊन समोर थांबली, हसली. मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत मागच्या बांगडीवाल्याला थांबवलं. आईनं एकदा माझ्याकडे, एकदा बांगडीवाल्याकडे बघितलं आणि निघून गेली.

पाऊण तासानं ती परत रांगेत. मी मोजतेय: एक, दोन, तीन. तिनं मागच्या दोघांना हात करून पुढे काढलं आणि बरोबर पाचवी होऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "हं, विचार आता."

आता तिला घेतलं तर नमुना बिघडणार आणि सोडलं तर घरी जेवण बिघडणार. मी तिला लिहून घेतलं. सरांना खरं ते सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले की अशा केसचं काय करायचं ते पुस्तकात दिलेलं नाही.

*

प्रवीण दुसऱ्या खेपेला पास झाला आणि त्याला पहिली नोकरी मिळाली ती हंगामी, पीक कापणीच्या मोजणीवर मदतनीस म्हणून. काम सोपं. शेताच्या एका कोपऱ्यापासून चिठ्ठीत आलेल्या आकड्याइतकी पावलं चालायची, जिथं पोचू तिथं खुंट्या ठोकून दोरीनं चौकोन आखायचा, त्यातलंच पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं. चौकोन कुठं पडेल ते फक्त चिठ्ठी ठरवणार. त्यावरून पुढं अख्ख्या भागाचं पीक किती ते काढतात.

मोखाड्याच्या वर एका नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात चौकोन पडला तो नेमका खडकाजवळ, जिथं कणसं करंगळीएवढी. शेतकरी काका अस्वस्थ. ते प्रवीणला हाताला धरून दुसऱ्या टोकाला घेऊन गेले, तिथं नागली कंबरेएवढी उभी होती. इथलं कापा म्हणाले. प्रवीणनं समजावलं, काका, असं चालत नाही, आणि खराब आलं तर खराब दिसू दे की, भरपाई मिळेल, तुमचंच भलं आहे. काकांना ते पटेना. त्यांचं म्हणणं एकच, "पाहुण्याला वाईट कोपरा कसा देऊ?"

शेवटी प्रवीणनं खडकाजवळचंच कापलं. काका गेले रुसून. बरं झालं म्हणत प्रवीण झोडायला बसला, तोवर हे मागून आले आणि चांगल्या टोकाची कापलेली पेंढी त्याच ढिगावर टाकून दोन्ही हातांनी कालवून मोकळे झाले. प्रवीण डोक्याला हात लावून बसला तर काका त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "आता कसं, बरं दिसतंय."

*

त्यानंतर प्रवीणनं ठरवलं की आपल्याला एसी ऑफिसातला डेटा पाहिजे, जिथं आकड्यांत कोणी पेंढी कालवणार नाही. ठाण्याच्या एका विमा कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू लागला. मोखाड्यात त्याच्या घरी रेंज नाही. रेंज येते ती गावाबाहेरच्या टेकाडावर, एका कातळावर, तेही उभं राहून. भर एप्रिलात दुपारी दोनची वेळ. हा बाबा वर कोट, गळ्यात टाय, खाली पायात चपला, आणि मोबाइल कपाळाच्या रेषेत धरलेला. मी आणि कैलास खाली करवंदीच्या जाळीत बसून ऐकत होतो.

संभाव्यतेचे प्रश्न झाले, सगळे बरोबर आले. मग तिकडच्या बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?

घामानं डोळे चुरचुरत होते बिचाऱ्याचे. तो म्हणाला, "मॅडम, सावलीत."

घेतलं त्याला! अजूनही दर सहा महिन्यांनी त्याचा मला मेसेज येतो, जागा निघालीय, बायोडेटा पाठव. मी दर वेळी बायोडेटा उघडते, एक ओळ बदलते आणि बंद करते. का ते मलाही नीट सांगता येत नाही. आजसुद्धा दुपारपासून दोनदा उघडून झालाय.

*

सर्व्हेत आल्यावर माझी आणि कैलासची पहिली लढाई झाली ती वयाशी. आमच्याकडे म्हातारी माणसं सगळी पन्नास, साठ किंवा सत्तर. त्रेपन्न कोणी नाहीच. पुण्याहून फोन, की एवढी गोल वयं कशी, नीट विचारा. म्हणून आम्ही खोदून विचारायला लागलो, लग्न कधी झालं, पहिलं पोर कधी झालं, धरण बांधलं तेव्हा केवढे होता.

एका आजोबांशी अर्धा तास असा हिशेब लावून कैलासनं त्यांचं वय अडुसष्ट काढलं. खूश होऊन सांगितलं त्यांना. आजोबांनी विचारलं, कार्डावर काय आहे? कैलास म्हणाला, साठ. त्यावर ते म्हणाले, "मग साठच लिव. सरकारला खोटं कशाला पाडतो?"

*

कैलास आत येऊन टॅबकडे बघून परत बाहेर गेला. आता हा शेवटचा सांगते, कालचाच आहे.

पाड्यातली दहा घरं कॉम्प्युटरनं चिठ्ठी टाकावी तशी निवडून दिली होती. आम्ही तिसऱ्यांदा गेलो होतो, कारण नियम असा: घर बंद असल्यास तीन वेळा भेट द्यावी, तरीही बंद असल्यास पुढचे उघडे घर घ्यावे. दहातली नऊ घरं तिसऱ्यांदाही बंद. कारवीच्या कुडाच्या भिंती, आणि दाराला कुलूप. दहावं तेवढं उघडं होतं, सोनीआजीचं. पुढची उघडी घरं म्हणजे रस्त्यापलीकडची, गुरुजींचं, अंगणवाडीताईंचं, पेन्शनवाल्या कारकुनांचं. ती माणसं भट्टीवर कशाला जातील? ती नऊ घरं लिहिली की झालं, पाड्यातून कोणी कुठं जात नाही, वसतिगृहाची गरज नाही. आणि ते नियमात अगदी चोख बसलं असतं. उन्हानं माझं डोकं दुखत होतं आणि मी टॅब काढला होता, हे मला कबूल करायलाच हवं.

कैलास एका कुलपाकडे बघत उभा होता. म्हणाला, "मी लहान असताना पण सर्व्हेवाले आले असतील ना गं? आमचं कुलूप बघून पुढच्या घरी गेले असतील. मी तिकडं शाळेतच होतो. कुणी विचारलं नाही मला."

मी टॅब मिटला. नियमांची पुस्तिका काढून आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचली. एके ठिकाणी सापडलं: माहिती घरातल्या प्रौढ व्यक्तीनं द्यावी, किंवा कुटुंबाची पूर्ण माहिती असलेल्या जबाबदार व्यक्तीनं. आणि अशी व्यक्ती समोरच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. पाड्याची रीतच आहे ती. भट्टीवर जाताना किल्ली मागे राहणाऱ्याकडे द्यायची. सोनीआजीचे गुडघे गेले तेव्हापासून ती मागे राहते, आणि नऊच्या नऊ किल्ल्या तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असतात. रोज एकेक घर उघडून झाडते, शाळेत जाऊन ज्याच्या त्याच्या पोराला बघून येते.

कैलासनं तिला त्यांच्या बोलीत सगळं समजावून सांगितलं, वसतिगृहाचंसुद्धा. ती उठली. मला वाटलं इथंच बसून भराभर सांगेल. तर नाही. पहिल्या घरापर्यंत गेली, कुलूप काढलं, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, ह्या घराचं इथं बसूनच सांगणार. मग सुरू, आम्ही दिवाळीनंतर गेलो, आमची दोन पोरं शाळेत, आम्ही होळीला येऊ. मी विचारलं, आजी, 'आम्ही' म्हणजे तुम्ही का? ती म्हणाली, "ह्या दारात बसले ना. मग आमीच."

घर बदललं की बाईचा नूर बदलायचा. एका घरी हसत हसत सांगत होती, एका घरी आवाज चढवून, त्या घरचा पुरुष तसाच बोलतो म्हणे. सहाव्या घराच्या उंबऱ्यावर ती पाठ करून बसली. त्या घरच्या बाईशी तिचं दोन वर्षं बोलणं नाही. पण धाकट्या पोरीला गोवर कधी आला होता तेसुद्धा बरोबर सांगितलं. आम्ही पोरांची नावं शाळेच्या हजेरीशी ताडून बघितली, एकही चुकलं नाही.

नऊ घरं झाल्यावर मी टेकाडावर जाऊन मॅडमना फोन केला. त्यांनी नियम ऐकून घेतला, मान्यही केला. बाई वाईट नाहीत. पण म्हणाल्या, "ज्योती, माघ महिना, भट्टीचा पाडा, आणि दहात एकही घर बंद नाही? कोणी खरं मानणार नाही हे. झाडाखाली बसून भरलं म्हणतील आणि अख्खा पाडा बाद करतील. एखादं तरी बंद निघतंच."

मला संताप आला, कारण त्यांचं बरोबर होतं. फार स्वच्छ डेटा दिसला की पहिल्यांदा संशय घ्यायचा, हे गावित सरांनी आम्हालाही शिकवलं होतं. मी खाली येऊन आजीच्या अंगणातच कैलासला सगळं सांगितलं. नवातलं एक घर 'बंद' करायचं. कोणतं? पहिल्यातली दोन पोरं वगळायची, की चौथ्यातली तीन? की पाठ करून बसलेल्या घरची ती गोवरवाली? कैलास म्हणाला, तू ठरव. मी म्हटलं, मी नाही ठरवणार, तूच ठरव, तुझा पाडा आहे. आम्ही चांगलेच भांडलो. आजीचं घर काय, कधीही उघडंच, म्हणून ते तेवढं भरायचं राहिलं होतं; तिच्या घरातलं वसतिगृहात पोरही कोणी नव्हतं. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती.

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिच्या दाराला कुलूप नव्हतंच कधी. शेजारच्या घराचं कुलूप काढून आणलं, स्वतःचं दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं, आणि पायरीवर आमच्यासमोर बसली.

"हे बंद लिव."

तीन वेळा भेट द्यावी लागते, असं काहीतरी कैलास पुटपुटला.

"मग जा की त्या आंब्यापतुर," आजी म्हणाली. "तीनदा येऊन बघा. बंदच हाय."

आम्ही दोघं आंब्याकडे चालायला लागलो.